वाईट सरकारचे नीटनेटके कायदे

आमच्याकडे रविवारी जेवणं उरकली की बाहेरच्या खोलीत सतरंजी पसरली जाते आणि फासे निघतात. जुगार नव्हे! (ही नोंद खास आमच्या मोठ्या मावशीसाठी. तिने दिवाळीत आमच्याकडचा वीस बाजूंचा फासा पाहिला आणि तेव्हापासून ती आईकडे माझी काळजीच्या सुरात चौकशी करते.) खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो आणला. चार-पाच जणांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी भुरटा चोर. एकाने सूत्रधार व्हायचं. सूत्रधार जग उभं करतो, त्यातली गावं, माणसं, राक्षस, राजे सगळं त्याचं. पात्रांनी त्या जगात काय वाटेल ते करायचं आणि ते जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. आमच्या घरचा सूत्रधार मी. खेळाडू म्हणजे भाची, भाचा आणि भाच्याचे दोन मित्र. वयं चौदा ते अठरा.

आज लिहायचंय ते या खेळातल्या दुष्ट सरकारांबद्दल. विषय पोरकट वाटेल, पण थोडं थांबा.

माझं पहिलं दुष्ट राज्य अगदी ठरलेल्या साच्यातलं होतं. काळा बुरूज, काळं चिलखत, काळा झेंडा. राजा रोज सकाळी उठून दहा माणसं मारायचा. हसलं तर फाशी, गायलं तर फाशी. तिसऱ्या रविवारी धाकट्या भाच्याने निरागसपणे विचारलं, "मामा, या राजाकडे शेती कोण करतं?" मी म्हटलं, शेतकरी. "मग ते अजून पळून कसे गेले नाहीत? आणि हा रोज दहा मारतो, तर सैनिकांना पगार कुठून देतो?" सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या बुरुजाला तिथेच तडा गेला. पोरांनी पुढच्या तासाभरात त्या राजाला मारलं, प्रजेने जयजयकार केला, खजिना वाटून घेतला आणि आम्ही भेळ खाल्ली. पुढच्या आठवड्यात त्या राज्याबद्दल कुणाला काही आठवत नव्हतं.

का आठवावं? तसं राज्य कधी कुठे नव्हतंच.

खरं तर या खेळात वाईटाचे प्रकार फार आधीपासून सांगितलेले आहेत. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात स्वभावाच्या नऊ चौकटी होत्या. एका बाजूला चांगला, मधला, वाईट आणि दुसऱ्या बाजूला नियमाने चालणारा, मधला, बेबंद. त्यातली 'नियमाने चालणारा वाईट' ही चौकट मला सगळ्यांत भीतीदायक वाटते आणि बहुतेक सूत्रधार तिचा उपयोग सगळ्यांत कमी करतात. आपण 'वाईट' हा शब्द वाचतो आणि 'नियमाने' हा शब्द गाळून टाकतो.

ज्यांनी तो गाळला नाही त्यांची कामं बघण्यासारखी आहेत. १९९१ साली आलेल्या 'डार्क सन' या जगात वाळवंटातली शहरं आहेत आणि प्रत्येक शहरावर एकेक जादूगार-राजा आहे. तिथे सामान्य माणसाने लिहायला-वाचायला शिकणं हाच गुन्हा. एकच नियम, पण त्यातून सगळं राज्य कळतं. कायदा काय आहे हे तुम्हांला वाचता येत नाही, म्हणून राजाचा अधिकारी सांगेल तो कायदा. आर. ए. साल्वातोरे यांच्या १९९० च्या 'होमलँड' कादंबरीत मेन्झोबेरांझन नावाची भूमिगत नगरी आहे. तिथे एका सरदार घराण्याने दुसऱ्याचा निर्वंश करायला हरकत नाही, फक्त त्या घराण्यातलं कुणी तक्रार करायला शिल्लक राहता कामा नये. राहिलं तर मात्र हल्लेखोरांची धडगत नाही. म्हणजे खून गुन्हा नाही, अर्धवट खून गुन्हा आहे! आणि १९८४ चा 'पॅरानोया' नावाचा वेगळाच खेळ आहे. सगळा कारभार एका संगणकाच्या हाती, प्रत्येक नागरिकाला एक रंग, वरच्या रंगाच्या वाटेवर पाऊल टाकलं तर देशद्रोह. गुप्त संघटनेत असणं देशद्रोह आणि प्रत्येक खेळाडू कुठल्या तरी गुप्त संघटनेत असतोच. खेळाचे नियम जास्त माहीत असणं हाही देशद्रोह. खेळ विनोदी आहे, पण हसता हसता कळतं की जिथे प्रत्येक जण आधीपासूनच गुन्हेगार असतो तिथे कुणाला धरायचं हे फक्त धरणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

हे सगळं चघळत मी दुसरं राज्य रचायला घेतलं. या वेळी बुरूज न काढता आधी कायदे लिहायचे असं ठरवलं. आणि कायदे लिहायचे तर खरे कायदे वाचावे लागले. आमच्या क्षेत्रातल्या मंडळींना (आणि ज्यांना पुढेमागे सूत्रधार व्हायचंय त्यांना) उपयोगी पडतील म्हणून जे हाती लागलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, वाईट कायद्याला नाव चांगलं द्यावं. दक्षिण आफ्रिकेत १९५२ साली एक कायदा झाला. त्याच्या नावातच पास रद्द करणं आणि कागदपत्रांचं सुसूत्रीकरण असे शब्द होते. प्रत्यक्षात त्याने सोळा वर्षांवरच्या प्रत्येक कृष्णवर्णीयाला ओळखपुस्तिका सतत जवळ बाळगण्याची सक्ती केली. सुटे पास गेले आणि त्यांच्या जागी सगळं एकत्र असलेली पुस्तिका आली. नाव खोटं होतं असंही म्हणता येत नाही, हीच तर मेख आहे.

दुसरी गोष्ट व्याख्येची. कायद्याचा जीव व्याख्येच्या कलमात असतो. जर्मनीत १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनंतर ज्यू कोण हे ठरवायला आजी-आजोबांची मोजणी झाली. चारांपैकी तीन ज्यू असतील तर तुम्ही ज्यू, मग तुम्ही स्वतः काहीही माना. माणसाने काय केलं हे विचारायचंच नाही, तो कोणाच्या पोटी आला ते विचारायचं.

तिसरी गोष्ट, दाद मागण्याचं दार आधीच बंद करून ठेवावं. आपल्याकडे १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की ती गुन्हेगार, आणि ती जाहीर करणं बरोबर होतं का हे कुठल्याही न्यायालयाने विचारायचं नाही, अशी सोय त्यातच होती. १९११ मध्ये तो देशभर लागू करता येईल असा झाला. आपल्या भागातल्या पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमाती त्यात आल्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. काही ठिकाणी तारेचं कुंपण घालून वसाहती केल्या. सोलापुरात त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती कायद्याच्या दप्तरात मुक्त झाल्या, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. त्यानंतरही सराईत गुन्हेगारांचे वेगळे कायदे राहिले आणि पोलिसांची नजर बदलायला तर कायदा रद्द होणं पुरतच नाही.

चौथी, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सुरुवात खऱ्या भीतीपासून करावी. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. माणसं खरोखर मरत होती. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि रोग थांबवायला काहीतरी करणं भागच होतं. पण सरकारला लागेल तो हुकूम काढण्याची मुभा मिळाली, आणि त्या हुकमानुसार सद्भावनेने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही असं कलमही त्यात होतं. त्यातून गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरं आणि माजघरं उलथीपालथी झाली, आणि पुढे रँड आणि चापेकर बंधूंचं काय झालं ते आपण शाळेत शिकलोच. हाच कायदा २०२० साली करोनात पुन्हा बाहेर काढला गेला. साथीच्या कायद्याची गरज नसते असं मी म्हणत नाही. पण तुमच्या काल्पनिक राज्यात प्लेग खरा असू द्या. लोक कायद्याला हो म्हणाले ते मूर्ख म्हणून नव्हे, घाबरले म्हणून.

आणि पाचवी गोष्ट आपल्या तेंडुलकरांकडून. 'घाशीराम कोतवाल' (१९७२) मध्ये घाशीराम पुण्याला परवान्यांनी जखडतो, रात्री रस्त्यावर दिसलात तर परवाना दाखवा. शेवटी जमाव त्याला मारतो. पण नाना? नाना तिथेच असतो. त्यानेच घाशीराम उभा केला आणि नको झाल्यावर त्यानेच लोकांच्या हवाली केला. माझ्या पहिल्या राज्यात पोरांनी घाशीराम मारला आणि खेळ संपला. खरा खेळ तर तिथून सुरू व्हायला हवा होता.

तर असं हे सगळं गाठोडं घेऊन मी 'सातवेस' नावाचं नगर वसवलं. सात वेशींचं, नदीकाठचं, भरभराटीचं. रस्ते स्वच्छ, विहिरींना पाणी, चोऱ्या नाहीत. नदीच्या पलीकडच्या तीरावर राहणारे ते पैलाडकर. बारा वर्षांपूर्वी शहरात तापाची साथ आली, ती पैलाडहून आली असं लोक म्हणाले, तेव्हा 'पैलाड-संरक्षण कायदा' झाला. संरक्षण, बरं का! पैलाडकराने गळ्यात तांब्याचा बिल्ला घालायचा, दिवसा शहरात काम करायचं आणि दिवेलागणीला वेशीवर हजेरी देऊन परत जायचं. साथ केव्हाच संपली. कायदा राहिला, कारण आता बिल्ल्याची वार्षिक फी नगराच्या उत्पन्नात धरलेली होती आणि दिवेलागणीनंतर नदीवरचा सगळा व्यापार शहरातल्या शेटजींच्या होड्यांनाच मिळत होता. (शेती कोण करतं, पगार कुठून येतो, या भाच्याच्या प्रश्नांची उत्तरं या वेळी तयार होती.)

पोरांच्या पात्रांना मी चांदीचे बिल्ले दिले. परदेशी पाहुणे, सगळ्या वेशी खुल्या. हे मी मुद्दाम केलं हे कबूल करतो.

पहिल्या दोन रविवारी त्यांना सातवेस फार आवडलं. काळ्या बुरुजापेक्षा कितीतरी बरं! चांदीचा बिल्ला दाखवला की पहारेकरी सलाम करतात याची त्यांना मजा वाटायला लागली. भाचा तर बिल्ला दाखवण्याची ढबही करून दाखवायचा. तांब्याच्या बिल्ल्यांबद्दल भाचीने एकदा विचारलं, मी कायद्याचं नाव सांगितलं, ती म्हणाली, "हां, ठीके."

चौथ्या रविवारी त्यांना रात्री गुपचूप नदीपार जायचं होतं. एका पैलाडकर नावाड्याने नेलं आणि परतही आणलं. पैसे नको म्हणाला. पण त्यात त्याची हजेरी चुकली. सकाळी वेशीवर कारकुनाने त्याला बाजूला उभं केलं होतं. कारकून म्हातारा, चष्मा नाकावर, टाक कानावर. त्याने वही उघडली आणि पोरांच्या पात्रांना अगदी अदबीने विचारलं, "हा रात्री आपल्या सेवेत होता असं म्हणतो. तसं असल्यास त्याची हजेरी माफ होईल. मात्र दिवेलागणीनंतर पैलाडकरास कामास ठेवल्याबद्दल आपले बिल्ले जमा करावे लागतील. होता का?"

सतरंजीवर पाव तास खलबत चाललं. तलवार कुणी काढली नाही, कारण समोर राक्षस नव्हता, वही होती. फासाही कुणी टाकला नाही. मग भाच्याने सगळ्यांच्या वतीने सांगितलं, "नाही. आम्ही याला ओळखत नाही." कारकुनाने मान हलवून नोंद केली आणि म्हणाला, "आभारी आहे. त्रासाबद्दल क्षमा असावी." नावाड्याला घेऊन गेले. पोरं पुढच्या कामाला लागली. शेवटी भेळ होतीच.

रात्री साडेअकराला भाचीचा फोनवर निरोप आला. "मामा, त्याला परत आणता येईल का?"

आता जे लिहितोय ते घरातल्या काहींना आवडणार नाही. तो कारकून मी कल्पनेने रचलेला नव्हता. आईचे आजोबा इंग्रजी अमदानीत अशाच एका वसाहतीत कारकून होते. हजेरीची वही त्यांच्याकडे असायची. आमच्या घरात त्यांची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. हजेरीला आलेल्या बायांच्या कडेवरच्या पोरांसाठी ते खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायचे. कधी कुणावर हात उगारला नाही, कुणाकडून पै घेतली नाही. ही गोष्ट मी स्वतः कितीदा तरी अभिमानाने सांगितली आहे. सातवेसचा कायदा लिहिताना, व्याख्येचं कलम आणि हजेरीचं कलम असं ओळीने लिहिताना, मला पहिल्यांदा प्रश्न पडला की त्या बाया तिथे रोज उभ्या का होत्या? त्यांनी काय केलं होतं? आमच्या गोष्टीत गोळ्या आहेत, खिसा आहे, आजोबांचा हात आहे. बाया फक्त गोळी देण्यापुरत्या आहेत.

ते वाईट होते असं मला म्हणायचं नाही. ते चांगलेच होते, आणि म्हणूनच लिहावंसं वाटलं. काळ्या चिलखतातल्या राजाला वही नीट ठेवता येत नाही. वही नीट ठेवायला चांगली माणसंच लागतात, वेळेवर येणारी, पैसे न खाणारी, अक्षर सुंदर असलेली.

यावर काही मित्र म्हणतात, अरे, खेळ आहे, आठवडाभर दमलेलो असतो, रविवारी राक्षस मारू दे की! अगदी मान्य. दर रविवारी सातवेस नको, मलाही नको. ड्रॅगनच्या गुहेत शिरून सोनं पळवण्यात जी मजा आहे तिची सर दुसऱ्या कशाला नाही. शिवाय वाईट सरकार दाखवायचं म्हणून छळाची रसभरीत वर्णनं करणारे सूत्रधारही मी पाहिलेत. तो वेगळाच आजार. खेळ सुरू करण्यापूर्वी कुणाला काय नको आहे हे विचारून घ्यावं, आणि खऱ्या जमातीला शिंगं-शेपूट लावून तिचा राक्षस करू नये, एवढं पथ्य पाळावंच. आणि कायद्याला फटी ठेवाव्यात. लाच घेणारा पहारेकरी, खोटा बिल्ला पाडून देणारा तांबट, शंका आलेला न्यायाधीश. जिथे काहीच करता येत नाही ते राज्य भयंकर असेल, पण तो खेळ होत नाही.

पण दुष्ट सरकार दाखवायचंच असेल तर ते काळ्या रंगाचं दाखवू नका, असं माझं मत झालंय. काळ्या बुरुजाने पोरांना एवढंच शिकवलं की वाईट लांबून ओळखू येतं, त्याचा झेंडा वेगळा असतो आणि आपण नेहमी त्याच्या विरुद्ध बाजूला असतो. तिन्ही गोष्टी खोट्या. सातवेसमध्ये ती स्वतः त्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि त्यांना कळलंही नाही. मलाही माझ्या घरातल्या गोष्टीबद्दल इतकी वर्षं कळलं नव्हतं, तर त्यांना काय बोलणार?

पुढच्या रविवारी भाचीनेच सगळ्यांना गोळा केलं. तिने बाकीच्यांना काय सांगितलं ठाऊक नाही, पण भाच्याने बिल्ला दाखवायची ढब केली नाही. चौघं वेशीवर गेले. मला वाटलं आता वही जाळतील, आणि तिची दुसरी प्रत कोतवालीत असते असं उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण भाचीने चांदीचा बिल्ला काढून कारकुनासमोर ठेवला आणि म्हणाली, "काल आम्ही खोटं सांगितलं. तो आमच्याबरोबर होता. नोंद दुरुस्त करा."

कारकुनाने (म्हणजे मी) वही उघडली. "नाव?"

"माझं?"

"नावाड्याचं. नोंद त्याच्या नावावर आहे."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मामा, नाव काय त्याचं?"

मंडळी, मी बारा पानं कायदा लिहिला होता. बिल्ल्याची फी ठरवली होती, वेशींची नावं दिली होती, कारकुनाच्या चष्म्याची काडी कुठे दोऱ्याने बांधली आहे तेसुद्धा लिहून ठेवलं होतं. नावाड्याला नाव दिलं नव्हतं.

मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा, चहा टाकतो. स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. चहा उकळून गेला तरी नाव सुचेना. शेवटी बाहेर येऊन पोरांनाच म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यावर त्यांचं जे भांडण जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. नाव ठरलं की कळवीनच.